आत्याचं डोकं ठिकाणावर असल्याबद्दल

तीर्थस्वरूप बायजाआत्यास,

सौदीतल्या अबकैकहून शशिकांतचा वाकून नमस्कार (मान वर करायची सोय मी ठेवलेलीच नाही). तुझे गुडघे कसे आहेत? डोक्याबद्दल विचारत नाही, त्याबद्दल मी आधीच नको ते बोलून बसलोय.

झालं असं, की प्लांटवर आम्हाला सारखे मोबाइलवर सेफ्टीचे कोर्स करावे लागतात. हेल्मेट घातलं का? होय. शिडी तपासली का? होय. माझ्या खोलीतल्या मनीषने शिकवलंय, वाचायचं नाही, हिरवी खूण येईपर्यंत होय दाबत सुटायचं (नाहीतर बस निघून जाते). परवा कोर्स संपवला आणि त्याच झपाट्यात वकीलबाईंचं अ‍ॅप उघडलं. तुझं मुखत्यारपत्र ज्यात आहे ते. उद्या तुझं डोकं चालेनासं झालं, तर बँकेचं, दवाखान्याचं मी बघायचं, तो कागद. पत्ता बरोबर आहे का? होय. मुखत्यारपत्र देणाऱ्या व्यक्तीला आता स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत का? होय. हिरवी खूण आली आणि मी खुशीत जेवायला गेलो.

पुढचं स्वप्नालीने फोनवर सांगितलं (माझी सख्खी बहीण, पण हसत होती, तेच जास्त लागलं). माझं ते होय अ‍ॅपवरून थेट पतपेढीत पोचलं, आणि तिथे म्हणे तुला सही करू दिली नाही. आज वार कोणता, असं विचारल्यावर तू वार सांगितलास, तिथी सांगितलीस, वर मॅनेजरच्या आजोबांना वाडीत काय म्हणून चिडवायचे तेही सांगितलंस. तरी म्हणाले, आधी भाच्याला विचारावं लागेल. बचत गटाची अध्यक्ष तू, आणि आता बायका केळी घेऊन येतात नि मला ओळखलंत का म्हणून विचारतात. आत्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. स्वप्नाली शेजारी असताना तू मला नेमलंस, तेही आपला शशी वाचल्याशिवाय कशाला बोट लावत नाही, असं साऱ्या वाडीला सांगून.

वकीलबाईंच्या हातापाया पडून ते होय मागे घेतलंय, पतपेढीलाही त्यांनी कळवलंय. पासवर्ड बदलला (जुना आमच्या खोलीच्या भिंतीवर होता, वायफायच्या पासवर्डाखाली; कॅम्पात सगळ्यांचं सगळं तिथेच असतं).

तुझा खाली मान घातलेला भाचा,
शशिकांत

ता. क. मोबाइलवर ओटीपी आला तर कुणालाही सांगू नकोस. मलाही नाही.

ता. क. स्वप्नाली म्हणते, तू मला काढून तिला नेमणार आहेस. खुशाल नेम, अ‍ॅपमध्ये ‘मुखत्यार बदला’ असं बटण आहे. मी रुसणार नाही.

ता. क. रुसेन. ते बटण दाबलं की, तुमची खात्री आहे का, असं विचारतात. तिथे माझ्यासारखं लगेच होय दाबू नकोस, थोडी थांब.