भैरोबाचा दोरा

शनिवार, संध्याकाळ

सकाळी पूजा आटोपून मुलीची औषधपेटी भरली. उद्या ती मैत्रिणींबरोबर भंडारदऱ्याला तंबूत राहायला जाणार. पट्ट्या, कापूस, मलम... तळाशी बायकोने भैरोबाचा काळा दोरा ठेवलेला. साप चावला की आमच्याकडे तो आवळून बांधतात. माझ्या थोरल्या भावाला साप चावला तेव्हा हाच पायाला बांधून दिवसभर देवळात बसवलं होतं. पाय काळा पडला, भाऊ गेला. गाठ मात्र सुटली नाही. दोरा तसाच ओढून काढला, तो कड्यासारखा राहिला.

मी तो काढून देव्हाऱ्यात ठेवला. दुपारी पेटी उघडली, तर दोरा परत आत.

"तू ठेवलास?" मी बायकोला विचारलं.

"देवाशप्पथ न्हाई वं! तुमीच काढला ना?"

मुलगी म्हणाली, "पप्पा, मी त्याला हातबी लावत न्हाई."

मग कोणी? आणि कडं सकाळपेक्षा लहान का वाटलं? नजर माझीच चुकली असेल. पण आता त्यात जेमतेम मनगट जाईल...

माझी श्रद्धा देवावर आहे, दोऱ्यावर नाही. दिवेलागणीला तो देवळात भैरोबाच्या पायाशी ठेवून आलो, मागे न बघता. मग मुलीला समोर बसवून सांगितलं: साप चावला तर काही बांधायचं नाही, पाय हलवायचा नाही, थेट सरकारी दवाखाना गाठायचा. तिने ते न अडखळता म्हणून दाखवलं, तेव्हाच पेटी तिच्या हाती दिली.