मागावर बसलेलं सावनेर

नागपूर,
१७ फेब्रुवारी १९७४

तीर्थस्वरूप अनुसयाताईस,

धाकट्या शालिकरामचा वाकून नमस्कार. (वाकलोच आहे तर तिकडूनच पाठीवर हात फिरव, कंबर धरली आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला? आमच्याकडे सगळं ठीक, म्हणजे कुसुम मजेत आणि मी अभ्यासात.

टपाल निवडण्याच्या परीक्षेचं तुला ठाऊकच आहे. कोणत्या गावचं पत्र कोणत्या खणात टाकायचं, ते न अडखळता सांगावं लागतं. सारा जिल्हा तोंडपाठ हवा, आणि मला तर घरून सांगितलेली भाजी सदर बाजारापर्यंत आठवत नाही. आमचे साहेब मनोहरराव (माणूस देव, पण सल्ले फार) म्हणाले, मनात एक महाल उभारा, दालनादालनात एकेक गाव ठेवा आणि फिरून या. आता विणकराच्या पोरानं महाल आणावा कुठून? शेवटी सदरमधून ते डोळ्यांना लावायचं खोकं आणलं. आत चित्रांची चकती, खटका दाबला की चित्र बदलतं, आणि चित्र असं खोल की आत पाय टाकावासा वाटतो. त्यात एक राजवाडा होता. मी सिंहासनावर सावनेर बसवलं, झुंबराला नरखेडची संत्री टांगली, हौदात भिवापूर सोडलं. रोज जेवण झालं की स्वारी महालात.

घात केला कुसुमनं. तिनं हौसेनं जंगली जनावरांची चकती घातली आणि काढायची विसरली. मी नेहमीसारखं खोकं डोळ्यांना लावलं तर समोर गेंडा! एकदा डोक्यात शिरलेला गेंडा निघतो होय? दुसऱ्या दिवशी मनोहररावांनी विचारलं, नरखेड कुठं? मी ताडकन म्हणालो, गेंड्याच्या पाठीवर. तेव्हापासून कचेरीत मला शालिकराम कोणी म्हणत नाही.

कुसुम मात्र म्हणाली, "काहून जी परक्याच्या महालात गावं ठेवून राहिले? आपल्या उमरेडच्या घरी ठेवा ना. तिथं अंधारातही तुमी ठेचकाळत नाही."

तसंच केलं. खोकं बाजूला ठेवलं नि नुसते डोळे मिटले. चुलीपाशी काटोल, पाण्याच्या रांजणावर नरखेड, दारामागं कुही (तिथंच मी लपायचो, आणि "शाल्या, पाय धुतले का गा?" म्हणत तू कान धरून बाहेर काढायचीस), आणि बाबा गेल्यापासून बंद असलेल्या त्यांच्या मागावर सावनेर. ताई, एक गाव जागचं हललं नाही.

आणि काल उमरेडहून धोंडबा येऊन सांगतो की भाऊजी माग मोडून, त्याखालचा पाय सोडायचा खड्डा बुजवून तिथं सोफा टाकणार! मग सावनेरनं बसावं कुठं? सावनेर चुकलं तर मी नापास, आणि माझ्या वयाला पुन्हा बसू देत नाहीत. तेव्हा परीक्षा होईपर्यंत मागाला कोणी हात लावू नये. भाऊजींना तूच सांग, तुझं ते ऐकतात. (माझंही ऐकतात, पण झोपेत.)

तुझ्या रागालाही लोभच समजणारा,
शालिकराम

ता. क. खरं सांगतो, परीक्षा गेल्या सोमवारीच झाली. सगळी गावं बरोबर पडली.

आणखी एक. तरी मागाला हात लावू देऊ नकोस. परीक्षेत डोळे मिटून मी सावनेरला मागापाशी घेऊन गेलो, तेव्हा बाबा तिथं आधीच बसले होते, खड्ड्यात पाय सोडून. मी त्यांना बसवलं नव्हतं, ताई. ते जरा सरकले आणि सावनेरला म्हणाले, "बस गा." सोफा दारामागं लावा. तिथली कुही मी काढून घेतली आहे.