दोन आज्या आणि एक डोकं

१४ एप्रिल

विहीणबाईंना,

स. न. वि. वि. यातला नमस्कार रिवाजाचा आहे. विनंती आणि विशेष मात्र अगदी खरे आहेत, म्हणून पत्र शेवटपर्यंत वाचावं.

आपला भोपू सुखरूप पोचला. माझी लेक आणि तुमचा लेक त्याला दारात सोडून, उभ्या उभ्या चहा पिऊन, पुलाच्या कामावर निघूनही गेले. दोघंही इंजिनिअर, दोघांनाही घाई. एक रात्र तरी राहा म्हटलं, तर लेक म्हणाली गाडी चुकेल. तिची गाडी नेहमीच चुकणार असते. असो.

भोपूचा आवाज वाढलाय, भूक वाढलीये आणि केस तर थेट खांद्यावर आलेत. पाच वर्षांचा मुलगा! औषधवाला म्हणाला, नात गोड आहे हो. भाजीवालीने विचारलं, पोरीला रिबीन का नाही बांधली. भोपू लगेच छाती काढून अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगतो की तो मुलगा आहे. मग लोक त्याच्याकडे बघतच नाहीत, माझ्याकडे बघतात. खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड हिशेबनीस तर हळहळले, की आईबाप दोघंही कामावर, मग पोराकडे बघणार कोण. आता मी काय तिथे खांब म्हणून उभी होते?

उभी हयात मी शाळेत दर सोमवारी प्रार्थना झाली की पोरांचे केस आणि नखं तपासत रांगेतून फिरले. इथल्या निम्म्या पुरुषांच्या कानामागचा मळ मला तोंडपाठ आहे. तेच पुरुष आता माझ्या नातवाकडे बघून गालातल्या गालात हसतात.

लेकीची ताकीद तुम्हालाही मिळालीच आहे. केस भोपूचे, निर्णय भोपूचा. कुठल्याही आजीने परस्पर कात्री लावली तर पुढच्या सुट्टीत तो त्या आजीकडे जाणार नाही. ती बोलते ते करते, माझ्यावर गेलीये. आणि हा सुट्टीत आला नाही तर माझं वर्ष कशाच्या जोरावर सरायचं? एरवी या घरात घड्याळाशिवाय कुणी आवाज करत नाही. म्हणून विनंती अशी, की त्याने आपणहून केस कापायला मागितले तर नियम मोडत नाही. तो तुमचं ऐकतो. तुम्ही त्याला दोन ओळी लिहा, मी वाचून दाखवीन.

लोभ असावा, तूर्त आहे तेवढाही चालेल.

आपली,
भोपूच्या आईची आई


२१ एप्रिल

मास्तरीणबाईंना,

स. न. आणि त्यापुढची सगळी अक्षरं.

पत्र शेवटपर्यंत वाचलं, आणि मग आमच्या कपडेपटात मोठ्याने वाचूनही दाखवलं. राजाचं काम करणारा नट हसता हसता ट्रंकेवरून खाली आला. रागावू नका, दौऱ्यावर आम्हाला दुसरी करमणूक नसते.

दोन ओळी मी लिहिणार नाही. एक तर वाचून दाखवणार तुम्ही, म्हणजे दोनाच्या दहा होणार. दुसरं म्हणजे माझा सगळा जन्म केसांत गेला. टोप धुवायचे, विंचरायचे, खुंटीला टांगायचे. राजाचा टोप उलटा विंचरला की चोराचा होतो, आणि तेवढ्यावर लोक एकाला टाळ्या देतात नि दुसऱ्याला शिव्या. आत माणूस तोच असतो, बहुतेक वेळा झोप न झालेला.

आमच्या शेजारची छोटी पोहायला जाते, म्हणून तिच्या आईने तिचे केस अगदी बारीक कापले. आई जिना उतरेपर्यंत बातमी पसरली की पोरगी मोठ्या दुखण्यातून उठली. एक जण तर खाण्याचा डबा घेऊन आली. आईने खरं काय ते सांगितलं, तर बाई अशी काही नाराज झाली, की डबा घेऊन परत गेली! आता अशा लोकांचं समाधान करायला तुम्ही निघाला आहात. तुमचं आयुष्य थोर आहे, पण तेवढं पुरणार नाही.

भोपू व्यवहाराला चोख आहे. त्याला सरळ विचारा की काय घेशील. आणि तो काय म्हणतो ते मला सविस्तर कळवा.

लोभ वाढावा, कापून मात्र नको.

तुमची,
टोपवाली विहीण


३ मे

विहीणबाईंना,

स. न., वि. वि. सध्या राखून ठेवले आहेत.

तुमच्या सल्ल्याप्रमाणे सरळ विचारलं. सायकलची घंटा देऊ केली, त्याने घेतली आणि केसांचं नंतर बघू म्हणाला. केस डोळ्यांत जातील म्हणून घाबरवलं, तर त्याने माझ्याच अंबाड्यातला आकडा उपसून आपल्या डोक्यात खोचला. सलूनमध्ये लहान मुलांसाठी खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकतात, ती दाखवायला नेलं. फळी इतकी आवडली की आता रोज जातो, आरशात तोंडं वेंगाडतो, तोंडावर पाण्याचा फवारा मारून घेतो आणि केस न कापता उतरतो. सलूनवाला माझ्याकडे बघून बिचारा गप्प बसतो, कारण तोही माझ्याच रांगेतला.

काल संध्याकाळी भोपूने अट सांगितली. दोघांचे केस सारखे करायचे, आधी आजीचे आणि मग त्याचे. आधी मी हसले, मग हसू थांबलं. माझे केस कमरेच्या खाली येतात. लग्नाआधीपासून त्यांना कात्री नाही. हा अंबाडा वर बसवला की मी बाई दिसते. तो सोडला की नुसती म्हातारी. माझी निम्मी वट त्यात आहे, आणि हे मी फक्त तुम्हाला लिहितेय.

ही अट पाच वर्षांच्या डोक्यातून निघालेली नाही. रविवारी औषधवाल्याच्या दुकानात तुमचा फोन आला होता. एरवी भोपू बोलायला लागला की तिथल्या बाटल्या हलतात. त्या दिवशी म्हणे तो रिसीव्हर पोटाशी धरून हळूच हो, हो म्हणत होता. तुम्ही त्याला काय सांगितलंत? खरं लिहा.

लोभाचं उत्तर आल्यावर ठरवीन.

आपली,
सध्या तरी अंबाड्यासकट


८ मे

मास्तरीणबाईंना,

स. न. वि. वि., दोन्ही कान पकडून.

शपथेवर सांगते, मी फोनवर फक्त त्याचं पोट बरं आहे ना एवढंच विचारलं. मग ओघात म्हटलं, की तुझी आजी शाळेतली बाई आहे, दुसऱ्याला जे सांगते ते आधी स्वतः करून दाखवते. यात माझं काय चुकलं? मी तर तुमची स्तुती केली.

पण तुम्हाला ते झेपणार नाही, हेही मी त्याला सांगून टाकलंय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचं आपलं आकडे, पिना आणि तो अंबाडा बरा. सोडून द्या.

लोभ आहे, म्हणून तर छळते.

तुमची,
टोपवाली


१७ मे

विहीणबाईंना,

स. न. वि. वि. झेपलं.

मी मनात गणित मांडलं होतं. मी मानेपर्यंत कापले की त्यालाही मानेपर्यंत यावं लागेल, म्हणजे त्याची अट पुरी, माझी इच्छा पुरी आणि लेकीला बोलायला जागा नाही. सलूनवाल्याने विचारलं, घरी विचारलंत का. मी म्हटलं, घर म्हणजे मीच. त्याने अंबाडा सोडला तेव्हा बाकावर बसलेल्या सगळ्यांची वर्तमानपत्रं खाली आली. आधी खांद्याशी कापतो, मग वर सरकतो, असं तो म्हणाला. कापलेली वेणी त्याच्या हातात आली आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना. मी आरशात बघितलं आणि त्याची कात्री हाताने बाजूला केली. बस, एवढंच पुरे, असं मीच म्हणाले.

भोपू शेजारच्या खुर्चीत फळीवर बसून सगळं बघत होता. तो उतरून माझ्याजवळ आला, माझ्या डोक्याला डोकं लावलं आणि सलूनवाल्याला बघायला सांगितलं. त्याने दोघांच्या खांद्यांवर कंगवा आडवा धरला आणि म्हणाला, झाले की सारखे. भोपूने माझा हात धरला आणि आता घरी जाऊया म्हणाला. सुट्टीभर खेळलेला डाव मी हरले, तोही माझ्याच तोंडाने!

आता ऐका पुढचं. भोपूकडे कुणीही बघत नाही, तो एकदम सभ्य गृहस्थ झालाय. सगळे माझ्यामागे लागलेत. औषधवाल्याने टॉनिकची बाटली पुढे केली. भाजीवालीने न बोलता वजनात जास्त टाकलं. नणंदेने विचारलं, या वयात कुणासाठी. आणि हिशेबनीसांनी जिन्यात मला काही न म्हणता भोपूला सांगितलं, की आजीला म्हणावं हे शोभत नाही. भोपू आपल्या आवाजात म्हणाला, केस तिचे आहेत, तुम्हाला पाहिजे तर तुम्ही तुमचे वाढवा. हिशेबनीसांना वाढवण्यासारखे नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मी त्याला रागवायला हवं होतं. त्याऐवजी वर येऊन, न्हाणीघराचा नळ सोडून, पोट दुखेपर्यंत हसले.

मान हलकी झालीये. उशीवर डोकं सरळ टेकतं. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण दुसरं कुणाला सांगू?

तुमचा दौरा संपलाय, तेव्हा ठरल्याप्रमाणे शनिवारी भोपूला तुमच्याकडे आणून सोडते. त्याचे आईबाप आले की त्यांच्या ताब्यात द्यावा. केस आले तसेच आहेत, पोच द्यावी.

लोभ होताच, आता जरा जास्त आहे.

आपली,
खांद्यापर्यंतची


३० मे

मास्तरीणबाईंना,

स. न. वि. वि. भोपूची पोच देते. केसांची देता येत नाही.

झालं असं. कपडेपटात त्याला टकलाचा टोप सापडला. तो घालून आरशासमोर उभा राहिला, डोक्यावरून हात फिरवला आणि साहेबांचं ठरलं. टोप टोचतो म्हणून खरंच तसं पाहिजे. मी त्याला परत परत विचारलं, उद्या बघू म्हटलं, तुमची शपथसुद्धा घातली. सकाळी उठले तर हा चपला घालून दारात उभा. आमच्या रंगभूषेवाल्याने केस पार बारीक केले. कुणी लालूच दाखवली नाही, कुणी फोन केला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी दोघं आले. तुमच्या लेकीने पोराला बघितलं आणि खांद्यावरची बॅग खाली टाकली. काहीही न विचारता म्हणाली, हे आईचं काम. तिथेच बसून तिने तुम्हाला पत्र लिहिलं, की पुढच्या सुट्टीत भोपू येणार नाही. आणि मी गप्प बसले. मी तोंड उघडणार एवढ्यात, असं लिहिणार होते. पण खरं म्हणजे मी उघडणार नव्हते. मनात आलं, की आता सगळ्या सुट्ट्या माझ्या. जेवणं होईपर्यंत मी तो विचार घेऊन वाढत होते.

मग भोपूच ओरडला. केस त्याने स्वतः कापायला सांगितले, आणि त्याला कुणी विचारलंच नाही. पत्र तोवर टपालपेटीत पडलं होतं. तुमची लेक ढसाढसा रडली, की एवढे सुंदर केस, निदान मला सांगायचं तरी. माझ्या लेकाने हळूच विचारलं, केस कुणाचे, तर त्यालाच बोलणी बसली. बाई, हसू दाबायला मी कपाटात तोंड घालून उभी राहिले. पण ती मनापासून रडत होती, म्हणून नंतर जाऊन तिच्याशेजारी बसले.

माझ्या गप्प बसण्याबद्दल काय ती शिक्षा सांगा. लोभ काढून घेऊ नका, बाकी काहीही चालेल.

तुमची,
टोपवाली


४ जून

विहीणबाईंना,

स. न. वि. वि.

पाठवलेला फोटो बघितला. अहो, हे काय करून ठेवलंत! कान केवढे दिसतात. इतके छान केस होते त्याचे. घरात त्याच्याकडे बघणारं कुणी आहे की नाही?

एवढं लिहून परत वाचलं. खोडत नाही, तुमच्या राजाला वाचून दाखवा.

शिक्षा काही नाही. तुमच्या जागी मीही गप्प बसले असते, कदाचित जेवणानंतरही. पण लेकीचं रागाचं पत्र येऊन पडलंय आणि त्यानंतर तिचं अक्षर नाही. औषधवाल्याच्या दुकानात उगाच दोनदा जाऊन आले. तुमच्या कानावर काही आलं तर लगेच लिहा.

लोभ आहे तिथेच आहे.

आपली


१० जून

ती. आईस,

सा. न. वि. वि., या वेळी मान खरंच खाली घालून.

माझं मागचं पत्र फाडून टाक. मी तुला विचारलं नाही, भोपूला विचारलं नाही, सरळ निकाल दिला. नियम मी तुम्हा दोघींसाठी केला होता. त्यात मीच सापडेन असं वाटलं नव्हतं. त्याचं ते गुळगुळीत डोकं बघितलं आणि वाटलं, माझंच काहीतरी कुणी न विचारता नेलं. अजूनही विंचरायला हात जातो.

शाळेच्या फाटकाशी बायका म्हणतात, बरं झालं, अखेर लक्ष घातलंस पोरात. केस लांब होते तेव्हा मी निष्काळजी होते, आता सुधारले. खरं म्हणजे दोन्ही वेळा मी काहीच केलेलं नाही. त्यांना खडसावणार होते, पण भोपू इतका खुशीत होता की राहू दिलं.

तुझ्या केसांचं त्याने सांगितलं तेव्हा थाप वाटली. मग सासूबाईंनी तुझं पत्र दाखवलं. मी ते मागून घेतलं आणि माझ्याकडे ठेवलंय. तू पोट दुखेपर्यंत हसतेस हे मला माहीतच नव्हतं, आई.

पुढच्या सुट्टीत भोपू येतोय. मीही येतेय, राहायला. तुला वाटतं मला घाई असते. घाई नसते. दारात पाऊल टाकलं की तुझी नजर आधी माझ्या डोक्याकडे जाते, मी अजून रांगेत उभी असल्यासारखी, आणि मग मला गाडी आठवते.

लोभ आहे हे मला ठाऊक आहे, मागत नाही. माझे केस सध्या कसे आहेत तेही मुद्दाम लिहीत नाही. दार उघडशील तेव्हा आधी ये म्हण. मग बघ.

तुझी