कोल्ह्याचं डोकं

मंगळवार, संध्याकाळ. कान्हे.

राग अजून उतरत नाहीये. भरदिवसा शेतात शिरलेला कोल्हा सखूमावशींच्या पोटरीला चावला, आणि शेजारच्या आबांनी लांबच्या बांधावरून बंदुकीने त्याला पाडलं. परवानगी होती का, तो प्रश्न वेगळाच. फोनवर मी आबांना तीनदा बजावलं होतं, डोक्याला हात लावू नका, रेबीजची तपासणी मेंदूवरच होते, मी निघालेच.

दवाखान्यातून बर्फाची पेटी घेऊन पोचले, तर डोकं कोयत्याने फोडलेलं! मेंदू मातीत कालवलेला. कशासाठी? तर कवटीत दडलेलं कोल्ह्याचं शिंग शोधायला. घरात ठेवलं की बरकत येते म्हणे.

"नशीबवाल्यालाच गावतं, डॉक्टरीणबाई. ह्येला न्हवतं." वर आबा मलाच समजावतायत!

मी जनावरांची डॉक्टर, आता तपासायला पाठवू काय? माती? एक डोकं तेवढं नीट हवं होतं.

मावशींना लस घ्यायला पाठवलं. आबांना म्हटलं, तुम्हीही जा. तर हसले. "मला कुटं चावलाय त्यो?"

मी त्यांचा हात ओढून उलटा केला. कोयता अंगठ्यालाही लागला होता. ओल्या चिरेत तीच माती.