दारावर टांगलेली लडी

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज मी, तुमची लेक, जेवणाचा डबा अर्धा टाकून तुम्हालाच लिहायला बसले आहे, कारण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगितली तर त्याला निम्मीच कळेल. आम्ही प्रयोगशाळेत जे करतो ते छापून येतं, त्याला पेपर म्हणतात. दुसरे लोक आपले पेपर लिहिताना शेवटी नोंद करतात की ही गोष्ट आम्ही अमक्याकडून घेतली. ते सायटेशन. आमच्या धंद्यात माणसाचं वजन त्यावर ठरतं. तर आज सकाळी प्रोफेसरच्या जागेचा फॉर्म भरायला मी माझ्या पेपरांची यादी उघडली आणि खुर्चीतून उठलेच! ज्या पेपरपायी माझं हसं झालं होतं, तोच सगळ्यांच्या वर जाऊन बसलाय. माझे बाकीचे सगळे एकत्र केले तरी त्याच्या मागे. जपानातल्या कुणीतरी त्याचा आधार घेतलाय, ब्राझीलमधल्या कुणीतरी घेतलाय. मी एकटीच केबिनमध्ये हसत बसले होते, शिपाई दोनदा डोकावून गेला.

सोलापूरच्या भवानी पेठेतलं ते रंगखातं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीये. करकंबची शेती भावांवर सोडून तुम्ही तिथे सूत रंगवायला लागलात. शाळा सुटली की मी तुमचा डबा घेऊन येते, वाफेनं डोळे चुरचुरतात, तुमचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी पिवळे. दाराच्या चौकटीला खिळे आहेत आणि त्यांवर बिघडलेल्या सुताच्या लड्या, प्रत्येकीला चूक लिहिलेली चिठ्ठी. शेजारच्या रंगखात्यांत बिघडलेलं सूत गुपचूप काळ्या रंगात बुडवून मोकळे होत. तुम्हीही बुडवायचात, पण एक लडी आधी बाजूला काढून दारावर टांगायचात. "लाज नाही वाटत?" मी विचारलं होतं. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी दोन पावलं मागे सरले. "लाज कसली त्यात? उद्या येनाऱ्याला कळाया पायजे की, आपन कुटं पडलो त्ये."

त्या वर्षी तुम्हाला मुकादम करायचं मालकाच्या मनात होतं. मोठी मागणी होती, डाळिंबी रंगाची. तुम्ही मला हौद भरायला सांगितलंत, नळाच्या पाण्यानं. बोअरचं पाणी जड, त्यात साबणाला फेस येत नाही की रंग सगळीकडे सारखा धरत नाही, हे मला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी सूत बाहेर आलं ते डागाडागांचं, कोड फुटल्यासारखं. "पानी कुटलं हुतं गं?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "नळाचं." तुम्ही हौदातलं उरलेलं पाणी बादलीत घेतलंत, साबणाची वडी चोळलीत. फेस आला नाही. तुम्ही हात झटकलेत, एक लडी काढलीत आणि चिठ्ठी लिहिलीत: "पाणी तपासलं नाही. चूक माझी." मालक सगळ्यांसमोर बोलला, तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. मुकादमी दुसऱ्याला गेली. मी दाराशी रिकामा डबा धरून उभी होते.

आता माझं ऐका. मोड आलेल्या ज्वारीत एक एंझाइम असतं, पिठाची साखर करणारं. आपल्याकडच्या ज्वारीतलं ते उष्णतेतही टिकतं, असा मी पेपर छापला. केवढं कौतुक झालं! मग वर्षभरानं तोच प्रयोग पुन्हा केला तर काही टिकेना. विद्यार्थी रडकुंडीला आले, मी त्यांच्यावर खेकसले. एक दिवस बेसिनशी बोअरच्या पाण्यानं हात धूत होते, साबणाला फेस येईना, आणि मी नळ तसाच सोडून प्रयोगाची जुनी वही काढायला धावले. पहिल्या वेळी शुद्ध पाण्याचं यंत्र बंद होतं. घाईत मीच प्रयोगाच्या काचेच्या नळ्या शेवटी बोअरच्या पाण्यानं विसळून काढल्या होत्या. त्या पाण्यातलं कॅल्शियम एंझाइमला तगवत होतं. ज्वारीची कर्तबगारी काहीच नव्हती, सगळी बोअरची!

शेजारच्या केबिनमधले सर म्हणाले, "मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. सोलापुरात कोण तपासायला येतंय?" दोन रात्री मला झोप नाही. मग मी पहिला पेपर मागे घेतला आणि चूक कशी झाली, ती कशी ओळखायची, यावरच दुसरा लिहिला. त्या वर्षी प्रोफेसरच्या जागेच्या मुलाखतीत मला पहिलाच प्रश्न आला, "म्हणजे तुमचा पेपर खोटा होता?" जागा हातची गेली. आणि आता बघा, जगभरातले लोक नळ्या विसळायच्या आधी माझा तो पेपर वाचतात! जितक्या ठिकाणी त्याची नोंद आहे, तितक्या दारांवर आपली लडी टांगली आहे, आबा.

फॉर्ममध्ये विचारलंय, तुमचं सर्वांत महत्त्वाचं काम कोणतं. सर आत्ताच डोकावून म्हणाले, "तो सोडून काहीही लिहा. पुन्हा पायावर धोंडा नको." मी तोच लिहिला, पहिल्या ओळीत. फॉर्म पाठवूनही दिला. समिती काय करायचं ते करो. मला इतकं हलकं वाटतंय की गच्चीवर जाऊन ओरडावंसं वाटतंय.

मी एम. एस्सी.ला निघाले तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून मला ती डाळिंबी लडी दिली होती, चिठ्ठीसकट. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," एवढंच म्हणालात. ती माझ्या केबिनच्या दारावर आहे. नव्या मुलांना मी ती दाखवते, चूक कशी कबूल करावी ते सांगते, आणि चिठ्ठी वाचून दाखवते. कुणी विचारलं की पाणी कुणी भरलं होतं, तर मी विषय बदलते. आजवर बदलत आले. हा कागद घडी करून त्याच लडीत खोचून ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? नळाला रांग होती, आणि मला सागरगोटे खेळायला जायचं होतं. आबा, पाणी बोअरचं होतं.