सातवा नमुना

४ मार्च
सात नंबर बसत नाही! बाकी अकरा नमुने मॉडेलच्या रेषेवर शिस्तीत बसले. काचेच्या बारीक नळीतून रक्त सोडायचं, वेग वाढवत न्यायचा, रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट भिंतीला किती चिकटतात ते मोजायचं — इतकंच. सातमध्ये जवळजवळ काहीच चिकटत नाही. येतात, घासून पुढे जातात.

सात म्हणजे बाबा. माझी विसरलेली किल्ली द्यायला लॅबमध्ये आले होते. रक्तदाते कमी पडताहेत म्हटल्यावर बाही वर करून बसलेच. “घरचं आहे, भेसळ नाही!”

५ मार्च
लॅबमधल्या तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, “दुखण्यावरची गोळी घेतली असणार. आठवडाभर चिकटत नाहीत मग. माणसं कबूल करत नाहीत गं.”

गुडघ्यासाठी डॉक्टरांनी बाबांना तीच गोळी दिली आहे. दहांची एक पट्टी, दुखेल तेव्हा एक.

फोन केला. “एकही घेतली नाही. तुझी शपथ!”

मागून आई — “साखरेच्या डब्यात हात असला तरी हेच म्हणतील!”

तिघंही हसलो.

६ मार्च
सात वगळला. खाली टीप : ‘औषधाचा परिणाम.’ आलेख सुरेख आला. सर खूश.

१७ मार्च
उद्या बाबांचं पित्ताशय काढणार. खडे आहेत. सर्जननी विचारलं, गोळ्या वगैरे काही? बाबा — “छे!” आणि मला डोळा मारला.

“प्लेटलेटची संख्या उत्तम आहे,” सर्जन म्हणाले. संख्या. चिकटतात का, हे त्यात कळत नाही. मला माहीत आहे. पण घेतल्या असतील तरी एव्हाना परिणाम ओसरला असेल. सात नंबरबद्दल बोलले नाही.

१८ मार्च
रक्त थांबत नाही.

१९ मार्च
सकाळी सव्वासातला गेले.

२ एप्रिल
लॅबमध्ये गेले. कुणी काही विचारलं नाही, बरं झालं.

दाढी करताना कापलं की बाबा हनुवटीला कागदाचा कपटा लावून, रक्त थांबेपर्यंत तासभर घरभर फिरायचे. आज अचानक आठवलं.

नाही. गोळ्याच. शस्त्रक्रियेच्या आधीही घेतली असणार, लपवून. इतका राग येतो त्यांचा! एकदा तरी खरं सांगायचं होतं.

९ एप्रिल
आईने बाबांचा कोट कुणाला तरी द्यायला काढला. खिसे मी तपासले.

गोळ्यांची पट्टी. दहाच्या दहा. एकही फोडलेली नाही.