सीटखालची बाटली

प्रिय बास्त्यां,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. इतके, की काल दिवसभर त्यांना गाडीतून फिरवलं आणि आज कंबर माझी धरली आहे. घरचा फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. येत्या सोमवारी सकाळी दहाला नोटरीसमोर सही करून बाबा आपला द्राक्षमळा शेजारच्या देल्मासला विकणार, हे तुझ्या कानावर आलंच असेल. 'सही करायच्या आधी एकदा नदीकाठ डोळे भरून बघतो,' म्हणाले. मी म्हटलं, चला.

लॉत नदीने जितकी वळणं घेतली, तितकी आम्हीही घेतली. बाबांना घाई नव्हती, आणि आपल्या पांढऱ्या व्हॅनला तर कधीच नसते. द्राक्षं काढून झाली आहेत, पानं तांबूस झाली आहेत, आणि बाबा वाटेतल्या प्रत्येक मळ्याला नावं ठेवत होते. 'ह्याने छाटणी केली की हजामत?' 'हा बघ, ट्रॅक्टर नवा कोरा आणि वेली अनाथ!' अल्बास गावच्या चौकात म्हातारी पोलेत भेटली. भेटल्यावर गालांचे मुके दोन घ्यायचे की तीन, यावरून दोघांची जुंपली. शेवटी चार झाले. पुढे अर्धा तास बाबा शीळ घालत होते.

मग पलीकडच्या काठावर तुझा उतारावरचा मळा दिसला. वेलींच्या ओळींमध्ये तुझं ते लाडकं गवत, हिरवंगार. याच गवतावरून तुम्हा दोघांचं फाटलं. 'हा मळा आहे की कुरण?' असं बाबा ओरडले होते आणि तू कात्री टाकून निघून गेलास. खरं सांगते, तेव्हा मी मूग गिळून बसले, त्याची टोचणी अजून आहे. चार वर्षं झाली, तुझ्या वाइनचा एक थेंब त्यांनी जिभेला लावला नव्हता. काल काचेतून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'गुरं नाही दिसत अजून.' मला हसू आवरेना.

आता कबुली. बाबांचं तुला माहीत आहे. सूप तळाशी दोन घोट उरलं की त्यात लाल वाइन ओतायची, वाडगा दोन्ही हातांनी उचलायचा आणि तोंडाला लावायचा. तीही स्वतःचीच वाइन. दुसऱ्याची सुपात ओतली तर सूप बाटतं म्हणे! म्हणून जातील तिथे कोटाच्या खिशात आपली छोटी बाटली. तर काल निघताना त्यांनी कोट मागच्या सीटवर टाकला, आणि मी गुपचूप ती बाटली काढून सीटखाली सरकवली. झोझेतच्या खानावळीत आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, की आमच्या टेबलावर लेबलाची बाटली नको, साधा जग ठेव, आणि त्यात बास्त्यांची वाइन.

लसणाचं सूप आलं. तळ दिसू लागला. बाबांनी खिसा चाचपला, दुसरा चाचपला, माझ्याकडे पाहिलं. मी पावात तोंड घातलं. त्यांनी जग ओढला, ओतली, वाडगा उचलला. खाली ठेवला तो रिकामा. मिशा पुसल्या आणि सुपाचा दुसरा वाडगा मागितला. त्यातही ओतली. मग विचारलं, 'कोणाची गं ही?' झोझेतच्या पोटात काही राहतं का? 'तुमच्याच पोराची!' ती मोठ्याने म्हणाली. सगळी खानावळ आमच्याकडे वळली. बाबा म्हणाले, 'सुपाला बरी आहे.' आणि मग पेला पुढे केला, नुसता, सुपाशिवाय. माझा जीव भांड्यात पडला.

परत घरी आलो. अंगणात गाडी थांबल्यावर बाबा वाकले, सीटखाली हात घातला, आणि ती बाटली काढून माझ्या मांडीवर ठेवली. 'प्रत्येक वळणावर गडगडत होती,' म्हणाले. 'मी म्हातारा झालोय, बहिरा नाही.' म्हणजे खानावळीत शिरण्याआधीच त्यांना सगळं कळलं होतं, बास्त्यां, आणि तरी त्यांनी जग ओढला! मी काही बोलणार, तर दार उघडता उघडता म्हणाले, 'एक बाटली लपवायला तुला चार वर्षं लागली?'

नोटरीला त्यांनी नको म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाहीत. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. तुला बोलाव असंही ते कधी सांगणार नाहीत. पण आज सकाळी माळ्यावरून तुझी छाटणीची कात्री काढली, तेल लावून खिळ्याला अडकवली, आणि मला बजावलं, 'रविवारी सूप जरा जास्त कर.' म्हणून हे पत्र. रविवारी दुपारी ये, बाबा. आपले बाबा नाही रे, तुलाच म्हणतेय लाडाने. उशीर करू नकोस, सोमवार लगेच मागे आहे. आणि येताना तुझी बाटली आण. ह्या वेळी लपवायची नाही, टेबलावर ठेवायची.

तुझीच, लपवालपवीत कच्ची,
मिरेयताई